मालमोटार अपघात व नुकसानभरपाई

मालमोटार अपघात व नुकसानभरपाई : ट्रक, टँकर, डंपर, ट्रेलर यांसारख्या अवजड मालवाहू मोटारवाहनाच्या वापरातून अपघात होऊन कोणाचा मृत्यू ओढवल्यास, कोणास शारीरिक इजा झाल्यास अथवा मालमत्तेची हानी झाल्यास, त्या व्यक्तीस किंवा तिच्या कायदेशीर प्रतिनिधींस वाहनाचा चालक, मालक व विमाकार यांच्याकडून पैशाच्या रूपाने भरपाई मागण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. भारतातील या अधिकाराचे स्वरूप, त्याचा विकास व तो बजावण्याची रीत यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. हा अधिकार मुळात अपकृत्यविधीतून निर्माण झालेला असला, तरी आज तो मुख्यतः १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमावर व त्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीवर आधारलेला आहे [⟶ अपकृत्य; विमा].

मालमोटारीच्या अपघाताचे वेगळेपण : कायद्याने मालमोटारीसाठी भरपाईचा स्वतंत्र विभाग केलेला नाही, सर्व मोटारवाहनांना लागू असणारेच नियम तिला लागू होतात. तथापि वस्तुस्थितीमुळे या अपघातांचे काही प्रश्न वेगळे ठरतात. दोन स्वारांसह दुचाकीचे वजन तीन क्विंटलच्या आसपास असते. उलट दोन आसांच्या मालमोटारीला भारासह सु. १८·५ टन, तर मोठ्या जोडवाहनाला ५५ टनांपर्यंत वजन २०१८ पासून अनुज्ञेय आहे. एवढ्या वजनाचे वाहन थांबण्यास अधिक अंतर लागते. उंच आसनावरील चालकास वाहनाच्या अगदी पुढील व डाव्या बाजूचा काही भाग दिसत नाही. अतिभार, मागे बाहेर आलेल्या लोखंडी सळ्या किंवा उसाच्या मोळ्या, रात्री दिवा न लावता रस्त्याच्या कडेला उभे केलेले वाहन, चालकाची अपुरी झोप ही अपघातांची नेहमीची कारणे होत. अशा अपघातात हानी बहुधा समोरच्याचीच होते. प्राण गमावणारा पादचारी, सायकलस्वार किंवा दुचाकीस्वार अनेकदा कुटुंबातील एकमेव मिळवता असतो आणि घडलेली हकीकत सांगण्यास तो हयात नसतो. दोष सिद्ध करण्याची जबाबदारी अशा वेळी कोणावर टाकावी, हा या विषयातील मूलभूत प्रश्न होय; आणि कायद्याचा पुढील सर्व विकास या प्रश्नाभोवतीच झालेला दिसतो.

ऐतिहासिक विकास : जुन्या इंग्रजी विधीनुसार वैयक्तिक स्वरूपाचा दाव्याचा अधिकार व्यक्तीबरोबरच नष्ट होत असे. जखमी माणूस जगला, तर त्यास भरपाई मागता येई. पण तो मेला, तर त्याच्या विधवेस काहीच मागता येत नसे. जखमी करण्यापेक्षा ठार मारणे स्वस्त पडावे, असा हा विपरीत परिणाम होता. इंग्लंडमध्ये १८४६ साली कायदा करून ही उणीव दूर करण्यात आली आणि त्याच धर्तीवर भारतात १८५५ चा जीवघातक अपघात अधिनियम संमत झाला. त्याने मृताची पत्नी अथवा पती, आईवडील व मुले यांच्या हितासाठी दावा करण्याची मुभा दिली. मात्र हा दावा दिवाणी न्यायालयात, न्यायालयीन शुल्क भरून व प्रतिवादीचा दोष सिद्ध करूनच चालवावा लागे.

१९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाने तृतीय पक्षाच्या जोखमीचा विमा सक्तीचा केला. ही तरतूद १९४६ पासून अमलात आली. येथे विमाकार हा पहिला पक्ष, वाहनमालक हा दुसरा पक्ष व रस्त्यावरील हानिग्रस्त व्यक्ती ही तृतीय पक्ष समजली जाते. मालकाकडे पैसा नसला, तरी हानिग्रस्ताच्या हाती कोरा हुकूमनामा राहू नये, हा या सक्तीचा हेतू होता. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावे न्यायाधिकरणे स्थापण्याची तरतूद झाली आणि हे दावे दिवाणी न्यायालयांच्या दीर्घ कार्यपद्धतीतून बाहेर आले.

न्यायाधिकरण आले, तरी दोष सिद्ध करण्याची अट कायम राहिली. न्यायाधिकरणाची स्थापना ही केवळ कार्यपद्धतीतील सुधारणा असून चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याविना मालक वा विमाकार भरपाईस बांधील होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. याउलट, न्यायाधिकरणांनी पुराव्याच्या तांत्रिक बारकाव्यांत अडकून निरपराध हानिग्रस्तांना रिकाम्या हाती परत पाठवू नये आणि केवळ किरकोळ संशयाच्या आधारे चालक व मालक यांना दायित्वातून सुटू देऊ नये, अशी भूमिका न्यायमूर्ती व्ही. आर्. कृष्ण अय्यर यांनी १९८० च्या एका निर्णयात मांडली. विधी आयोगानेही १९७२ च्या ५१ व्या व १९८० च्या ८५ व्या अहवालांत या प्रश्नाचा परामर्श घेतला. त्यानंतर १९८२ च्या दुरुस्तीने दोषनिरपेक्ष दायित्वाचे तत्त्व प्रथमच कायद्यात आले. त्यानुसार चालकाचा दोष सिद्ध न करताही मृत्यूबद्दल १५,००० रु. व कायमच्या अपंगत्वाबद्दल ७,५०० रु. मिळू लागले.

१ जुलै १९८९ रोजी अमलात आलेल्या १९८८ च्या अधिनियमाने या रकमा अनुक्रमे २५,००० व १२,००० रु. आणि १९९४ च्या दुरुस्तीने ५०,००० व २५,००० रु. केल्या. त्याहून महत्त्वाचा बदल विम्याच्या मर्यादेसंबंधीचा होता. जुन्या अधिनियमाखाली मालवाहू वाहनाच्या विमाकाराचे वैधानिक दायित्व ठराविक रकमेपुरते (१९६९ च्या दुरुस्तीनंतर ५०,००० रु., १९८२ च्या दुरुस्तीनंतर दीड लाख रु.) मर्यादित असे व उरलेली रक्कम मालकाकडून वसूल करणे हे बहुधा अशक्य ठरे. १९८८ च्या अधिनियमाने तृतीय पक्षाच्या मृत्यूबद्दल व शारीरिक इजेबद्दल ही मर्यादा काढून टाकली. २०१९ च्या दुरुस्तीतील भरपाईविषयक प्रमुख तरतुदी १ एप्रिल २०२२ पासून अमलात आल्या आहेत.

‘वापर’ या संज्ञेची व्याप्ती : भरपाईसाठी अपघात मोटारवाहनाच्या वापरातून उद्‌भवलेला असावा लागतो. या संज्ञेचा अर्थ महाराष्ट्रातीलच एका दुर्घटनेमुळे निश्चित झाला. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे पुणे-बंगलोर राष्ट्रीय महामार्गावर, सातारा जिल्ह्यातील कवठे गावाजवळ, पेट्रोलचा टँकर व समोरून येणारी मालमोटार यांची टक्कर झाली. टँकर रस्त्याखाली जाऊन कलंडला व त्यातील पेट्रोल गळून साचू लागले. सु. चार तासांनी स्फोट होऊन आग भडकली आणि तेथे जमलेल्यांपैकी अनेकजण भाजले. काही मृत्यू पावले. टक्कर होऊन गेल्यावर निपचित पडलेले वाहन ‘वापरात’ कसे, असा प्रतिवादींचा आक्षेप होता आणि न्यायाधिकरणाने तो मान्य करून दोषनिरपेक्ष भरपाई नाकारली. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र ती मंजूर केली आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. वाहन चालते असेल तेव्हाच ते वापरात असते असे नाही; टक्कर, टँकरचे कलंडणे, पेट्रोलची गळती व स्फोट ही एकाच साखळीची कडी होत, असे न्यायालयाने ठरविले. यामुळे रस्त्यावर बंद पडलेल्या, उभ्या केलेल्या किंवा उलटलेल्या मालमोटारीपासून झालेली हानीही या कायद्याच्या कक्षेत आली.

दायित्व कोणाचे : निष्काळजीपणा चालकाचा असला, तरी नोकराने नोकरीच्या ओघात केलेल्या कृत्यास धनी जबाबदार, या प्रातिनिधिक दायित्वाच्या तत्त्वानुसार मालकही भरपाईस बांधील असतो. मालमोटारी वरचेवर विकल्या जातात व नोंदणीत बदल होण्याचे राहून जाते. अशा वेळी अपघाताच्या दिवशी ज्याच्या नावे वाहनाची नोंद असेल, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. मालकाच्या वतीने रक्कम भरण्याची जबाबदारी विमाकारावर येते.

दोन वाहनांच्या चालकांच्या एकत्रित निष्काळजीपणामुळे त्रयस्थ व्यक्तीची हानी झाल्यास तिला संपूर्ण भरपाई दोहोंपैकी कोणाकडूनही वसूल करता येते. आपसांतील वाटणी त्यांची त्यांनी करावयाची असते. हानिग्रस्ताचा स्वतःचाही दोष असल्यास मात्र त्या प्रमाणात भरपाई कमी होते. निष्काळजीपणा सिद्ध करण्यासाठी फौजदारी खटल्याइतका निःसंशय पुरावा लागत नाही. संभाव्यतेचे पारडे कोणत्या बाजूस झुकते, एवढेच पाहिले जाते. मालमोटार रस्ता सोडून पदपथावर चढली, यासारख्या प्रसंगी घटनाच बोलकी असते आणि खुलासा करण्याचा भार चालक-मालकांवर पडतो.

भरपाईचे दोन मार्ग : प्रचलित कायद्यात हानिग्रस्तापुढे दोन मार्ग आहेत. पहिला कलम १६४ चा. यात कोणाचाही दोष सांगावा वा सिद्ध करावा लागत नाही. मृत्यूबद्दल ५ लाख रु. व गंभीर दुखापतीबद्दल २·५ लाख रु. अशी ठराविक भरपाई मिळते. दुसरा मार्ग कलम १६६ चा. यात निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. परंतु रकमेस वरची मर्यादा नसते व न्यायाधिकरणास ‘न्याय्य’ वाटेल ती भरपाई देता येते.

या दोन मार्गांचा परस्परसंबंध हानिग्रस्तांच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा आहे. अपघाताची माहिती मिळाल्यावर विमाकाराने अधिकारी नेमून तीस दिवसांत तडजोडीचा प्रस्ताव द्यावा, असे कलम १४९ सांगते. या रीतीने कलम १६४ खालील भरपाई स्वीकारल्यास न्यायाधिकरणापुढील अर्ज व्यपगत होतो, असे कलम १६६ चे परंतुक आहे. म्हणजे १९८२ ते २०२२ या काळातील दोषनिरपेक्ष रक्कम ही मोठ्या भरपाईपोटी मिळणारी तातडीची उचल होती. आता ती स्वीकारणे म्हणजे पुढचा हक्क सोडणे होय. प्रस्तावावर सही करण्यापूर्वी कलम १६६ खाली किती रक्कम मिळू शकेल याचा अंदाज घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

मृत्यूबद्दलच्या भरपाईची गणना : सर्वोच्च न्यायालयाने २००९ मधील निर्णयाने व पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २०१७ मध्ये दिलेल्या निर्णयाने गणनेची रीत निश्चित केली आहे. तिचे टप्पे पुढीलप्रमाणे : (१) मृताचे मासिक उत्पन्न ठरविणे. (२) भावी उत्पन्नवाढीपोटी त्यात भर घालणे; ही भर कायम नोकरीत असलेल्यास वयाच्या चाळीशीपर्यंत ५० टक्के, ४० ते ५० या वयात ३० टक्के व ५० ते ६० या वयात १५ टक्के, तर स्वतंत्र व्यावसायिक किंवा ठरीव वेतनावरील व्यक्तीस अनुक्रमे ४०, २५ व १० टक्के असते. (३) मृताच्या स्वतःवरील खर्चाची वजावट. ती दोन-तीन अवलंबित असल्यास एक-तृतीयांश, चार ते सहा असल्यास एक-चतुर्थांश, सहाहून अधिक असल्यास एक-पंचमांश व मृत अविवाहित असल्यास सामान्यतः निम्मी असते. (४) राहिलेल्या वार्षिक रकमेस वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणणे. हा गुणक १५ ते २५ या वयात १८, २६ ते ३० मध्ये १७, ३१ ते ३५ मध्ये १६, ३६ ते ४० मध्ये १५, ४१ ते ४५ मध्ये १४ व ४६ ते ५० मध्ये १३ असून पुढे तो उतरत जाऊन पासष्टीनंतर ५ होतो. (५) साहचर्यहानीबद्दल ४०,००० रु., संपदाहानीबद्दल १५,००० रु. व अंत्यविधीबद्दल १५,००० रु. यांची भर. या शेवटच्या रकमा २०१७ च्या असून दर तीन वर्षांनी त्यांत १० टक्के वाढ करावयाची असते. साहचर्यहानीची रक्कम केवळ पती वा पत्नीसच नव्हे, तर मुलांस व आईवडिलांसही मिळू शकते, असे २०१८ मध्ये ठरले.

उदाहरणादाखल, दरमहा १५,००० रु. मिळविणारा ३२ वर्षांचा गवंडी डंपरखाली सापडून मरण पावला व त्याच्यामागे पत्नी, दोन मुले आणि आई असे चार अवलंबित आहेत, असे समजू. उत्पन्नात ४० टक्के भर घातल्यास २१,००० रु. होतात, एक-चतुर्थांश वजा जाता १५,७५० रु. उरतात, वर्षाचे १,८९,००० रु. होतात. त्यास १६ ने गुणल्यास ३०,२४,००० रु. येतात. साहचर्यहानी (चौघांची १,६०,००० रु.), संपदाहानी व अंत्यविधी यांची भर पडून ही रक्कम ३२,१४,००० रु. होते, त्यावर व्याज वेगळे. याच कुटुंबाने कलम १६४ ची रक्कम पत्करली, तर त्यास ५ लाख रु. मिळतील. डंपरच्या चालकाचा दोष सिद्ध होण्याजोगा असेल, तर या दोन आकड्यांतील अंतर हेच त्या कुटुंबाच्या पुढील आयुष्याचे अंतर होय. उलट, अपघाताचा साक्षीदार नाही व दोष मृताचाच असल्याचा पुरावा आहे, अशा प्रसंगी पहिला मार्गच हितकारक ठरतो.

उत्पन्नाचा लेखी पुरावा नसणे, ही शेतमजूर, फेरीवाले, घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांच्या बाबतीतील नित्याची अडचण होय. अशा वेळी न्यायाधिकरण किमान वेतनाच्या दरांचा व साक्षीपुराव्याचा आधार घेऊन उत्पन्न ठरविते. गृहिणीच्या श्रमाला पैशात मोल नाही, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने २००१, २०१० व २०२१ मधील निर्णयांत अमान्य केला असून तिचेही कल्पित उत्पन्न धरून भरपाई दिली जाते.

शारीरिक इजेबद्दलची भरपाई : जखमी व्यक्तीस झालेला व पुढे होणारा औषधोपचाराचा खर्च, बुडालेली मिळकत, भावी मिळकतीतील घट, परिचारकाचा खर्च, वेदना व जीवनसुखाची हानी या बाबींखाली भरपाई मिळते. येथे अपंगत्वाची वैद्यकीय टक्केवारी व मिळकतीवरील तिचा प्रत्यक्ष परिणाम यांत भेद केला जातो. डावा पाय गुडघ्याखाली गमावलेला कारकून आपले काम पुढे चालू ठेवू शकेल. पण तीच इजा झालेल्या हमालाची मिळकत जवळजवळ संपूर्ण बुडेल. म्हणून व्यवसायाच्या संदर्भात अपंगत्वाचा विचार करावा, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये घालून दिला. जखमी व्यक्ती पुढे अन्य कारणाने मरण पावली, तरी तिचा दाव्याचा अधिकार वारसांकडे जातो, असे २०१९ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले आहे. व्यक्तीबरोबर दावाही मरतो, या जुन्या नियमाचा शेवटचा अवशेष अशा रीतीने या क्षेत्रातून गेला.

अपघातानंतरचा पहिला तास उपचारांच्या दृष्टीने निर्णायक असतो. मे २०२५ मध्ये केंद्र शासनाने जाहीर केलेल्या योजनेनुसार रस्त्यावरील मोटार अपघातातील जखमींस नियुक्त रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत व प्रत्येकी दीड लाख रुपयांपर्यंत रोख पैसे न भरता उपचार मिळू शकतात. जखमींस मदत करणाऱ्या परोपकारी व्यक्तीस दिवाणी वा फौजदारी जबाबदारीपासून कलम १३४ अ ने संरक्षण दिले आहे.

विमाकाराचे बचाव : चालकाकडे योग्य अनुज्ञप्ती नसणे, वाहनास वाहतूक परवाना नसणे यांसारख्या अटींच्या भंगाबद्दल विमाकारास बचाव घेता येतो. तथापि हा तंटा मालक व विमाकार यांच्यातील असल्याने त्याची झळ तृतीय पक्षास लागू नये, यासाठी ‘आधी भरा व मग मालकाकडून वसूल करा’ असा आदेश देण्याची प्रथा २००४ च्या निर्णयापासून दृढ झाली. वाहतूक परवाना नसलेल्या मालमोटारीच्या बाबतीतही २०१८ मध्ये तसाच आदेश कायम झाला. हलक्या वाहनाची अनुज्ञप्ती असलेल्या चालकास भारासह ७,५०० किग्रॅ.पर्यंत वजनाचे मालवाहू वाहन वेगळ्या शेऱ्याविना चालविता येते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ठरविल्याने छोट्या मालमोटारींविषयीचा एक नेहमीचा बचाव संपुष्टात आला.

सर्वांत कठीण प्रश्न मालमोटारीतून प्रवास करणाऱ्यांचा आहे. ग्रामीण महाराष्ट्रात लग्नाचे वऱ्हाड, जत्रेकरू व ऊसतोडणी कामगार यांची मालवाहू वाहनांतून ने-आण होत आली आहे. सक्तीचा विमा हा मालाच्या मालकास किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीस १९९४ च्या दुरुस्तीपासून संरक्षण देतो. पण मालवाहू वाहनातील इतर उतारूंच्या भरपाईस विमाकार बांधील नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने २००२ मध्ये दिला. अशा उतारूंच्या वारसांना मालकाकडूनच वसुली करावी लागते. काही प्रकरणांत न्यायालयाने येथेही ‘भरा व वसूल करा’ असा आदेश दिला आहे. परंतु त्यावर हक्क म्हणून विसंबता येत नाही. वाहनाचा विमाच नसेल, तर अपघातग्रस्त वाहन मालकाने पुरेसे तारण दिल्याविना सोडू नये व ते न दिल्यास वाहन विकून रक्कम न्यायाधिकरणात जमा करावी, अशा आशयाचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यांना दिले.

वाहनाचा ठावठिकाणा न लागल्यास : धडक देऊन पळून गेलेल्या वाहनाचा शोध लागला नाही, तर कलम १६१ खाली केंद्र शासनाच्या योजनेतून मृत्यूबद्दल २ लाख रु. व गंभीर दुखापतीबद्दल ५०,००० रु. मिळतात, १ एप्रिल २०२२ पूर्वी या रकमा अनुक्रमे २५,००० व १२,५०० रु. होत्या. यासाठी न्यायाधिकरणाकडे जावे लागत नाही. उपविभागीय अधिकारी, तहसीलदार अशा दर्जाच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे अर्ज करावयाचा असतो. पुढे वाहन सापडून अन्य भरपाई मिळाल्यास ही रक्कम परत करावी लागते.

मालमोटारीवरील कामगार : अपघातात चालक व क्लीनर हेही बळी पडतात. नोकरीच्या ओघात झालेल्या अपघाताबद्दल त्यांना वा त्यांच्या वारसांना धन्याकडून, कोणाचाही दोष सिद्ध न करता, भरपाई मिळते. हा हक्क १९२३ च्या अधिनियमाने दिला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाला आहे. त्याऐवजी मोटार वाहन अधिनियमाखाली दावा करण्याची मुभा कलम १६७ ने दिली आहे. मात्र दोन्हींचा लाभ घेता येत नाही. स्वतःची मालमोटार स्वतः चालविणारा मालक हा तृतीय पक्ष नसतो. त्याच्यासाठी १५ लाख रुपयांचा व्यक्तिगत अपघात विमा २०१८ पासून विहित करण्यात आला आहे.

कार्यपद्धती : अर्ज अपघातस्थळाच्या, अर्जदाराच्या निवासाच्या किंवा व्यवसायाच्या, अथवा प्रतिवादीच्या निवासाच्या क्षेत्रातील न्यायाधिकरणात करता येतो. परराज्यातील मालमोटारीने परमुलखात अपघात केला, तरी अर्जदारास आपल्याच जिल्ह्यात दाद मागता येते, हे या तरतुदीचे महत्त्व होय. पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत व सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणास सादर करावा, असे २०२२ चे नियम सांगतात. हा अहवाल हाच भरपाईचा अर्ज समजण्याचा आदेश कलम १६६ (४) मध्ये आहे. प्रथम माहिती अहवाल, घटनास्थळाचा पंचनामा, शवचिकित्सा अहवाल किंवा जखमेचे प्रमाणपत्र, वाहनाची नोंदणी, विमापत्र व अनुज्ञप्ती यांच्या प्रती, मृताचे वय व उत्पन्न यांचा पुरावा आणि वारसांची ओळखपत्रे ही कागदपत्रे महत्त्वाची ठरतात.

अर्जाच्या मुदतीचा इतिहास उद्‌बोधक आहे. १९८८ च्या अधिनियमात सहा महिन्यांची मुदत होती; ती जाचक ठरल्याने १९९४ मध्ये काढून टाकण्यात आली आणि २०१९ च्या दुरुस्तीने ती पुन्हा घालण्यात आली. या मुदतीच्या वैधतेस आव्हान देणाऱ्या याचिकांत, त्या प्रलंबित असेपर्यंत केवळ मुदतबाह्य म्हणून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. हा आदेश अंतरिम असल्याने सहा महिन्यांच्या आत अर्ज करणे हेच सुरक्षित होय.

न्यायाधिकरणाची चौकशी संक्षिप्त स्वरूपाची असते. निवाड्यानंतर तीस दिवसांत रक्कम जमा करावी लागते. न केल्यास ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यामार्फत वसूल करता येते. निवाड्याविरुद्ध नव्वद दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. वादातील रक्कम एक लाख रुपयांहून कमी असल्यास अपील चालत नाही. अज्ञान मुलांचा व निरक्षर अर्जदारांचा हिस्सा बँकेत मुदत ठेवीत ठेवण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने दिले. भरपाई हाती पडताच मध्यस्थांनी वा नातलगांनी ती गिळंकृत करू नये, हा त्यामागील हेतू होय.

फौजदारी बाजू : निष्काळजीपणाने मृत्यू घडवून आणण्याच्या गुन्ह्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (१) अन्वये पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे, ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. अपघात करून न कळविता पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारे पोटकलम (२) मात्र जानेवारी २०२४ मधील मालमोटार चालकांच्या देशव्यापी आंदोलनानंतर अमलात आणण्यात आलेले नाही. फौजदारी खटला व भरपाईचा दावा हे एकमेकांपासून स्वतंत्र होत. चालक निर्दोष सुटला म्हणून भरपाई नाकारली जात नाही. तसेच अतिभाराबद्दल २०,००० रु. व प्रत्येक जादा टनामागे २,००० रु. असा दंड कलम १९४ मध्ये सांगितला आहे. तो शासनास मिळतो, हानिग्रस्तास नव्हे. मात्र अतिभाराची नोंद निष्काळजीपणाचा पुरावा म्हणून दाव्यात उपयोगी पडते.

मूल्यमापन : पावणेदोनशे वर्षांच्या या विकासात भरपाईचे ओझे हळूहळू हानिग्रस्ताच्या खांद्यावरून उतरून, ज्याच्या लाभासाठी अवजड वाहन रस्त्यावर येते त्याच्याकडे व त्याच्या विमाकाराकडे गेले आहे. दोषनिरपेक्ष रक्कम, अमर्याद विमा, निश्चित गुणक व घराजवळील न्यायाधिकरण ही त्या वाटचालीची फलिते होत. परंतु दोन उणिवा राहिल्या आहेत. दोषनिरपेक्ष भरपाई आता मोठ्या दाव्याला पर्याय ठरल्याने, निकडीत असलेल्या कुटुंबावर थोड्यात समाधान मानण्याचा दबाव येतो. आणि मालवाहू वाहनातून जाण्यावाचून ज्यांना गत्यंतर नसते, असा सर्वांत गरीब प्रवासी विम्याच्या कक्षेबाहेरच राहतो. हा हक्क कायद्यात जितका स्पष्ट आहे तितका तो पदरात पडणे हे पहिल्या काही आठवड्यांत गोळा केलेल्या कागदांवर, मुदतीच्या पालनावर आणि सही करण्यापूर्वी केलेल्या हिशोबावर अवलंबून असते.